हाताच्या अंतरावरचं दुकान

मला वाकडी मांडणी सहन होत नाही. हा गुण की खोड, हे आमच्या घरात अजून ठरायचं आहे. लग्नाच्या जेवणाला गेलो की उभ्या उभ्या ताटल्यांची चळत सरळ करतो. एकदा बायको माहेरी गेली असताना मी ओट्यावरचे सगळे डबे उंचीप्रमाणे ओळीत लावले, आणि ती परत आल्यावर पहिल्याच फोडणीत मोहरीऐवजी मेथ्या पडल्या. चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. तेव्हाच मला अक्कल यायला हवी होती, पण आली नाही.

या खोडीवरच माझं पोट चालत होतं. शिरूरच्या एका एजन्सीत मी मर्चंडायझर होतो. नाव भारदस्त, काम साधं. एजन्सीची गाडी गावोगावच्या किराणा दुकानांत साबण, शाम्पू, चहा, बिस्किटं, मसाले टाकून जायची आणि मी मोटारसायकलवरून मागाहून जाऊन तो माल फळ्यांवर लावायचो. घर दौंडला, एजन्सी शिरूरला, त्यामुळे मधली बरीचशी गावं माझ्याच वाट्याला आली. सकाळी दौंड सोडायचं, चौफुल्याला वळायचं आणि न्हावऱ्याच्या रस्त्याने दुकानं करत करत पुढे सरकायचं. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे लागला की निमूट मागे राहायचं, दुसरा इलाज नसायचा.

दुकानात शिरलो की पहिलं काम फडकं. रस्त्याकडेच्या दुकानात धूळ इतकी की साबणाचा रंग ओळखू येत नाही. मग जुन्या तारखेचा माल पुढे, नवा मागे. पाकिटांची तोंडं गिऱ्हाइकाकडे. दौंड स्टेशनजवळचे दुकानदार हे सगळं गुपचूप करू द्यायचे, कारण त्यांना मान वर करायला फुरसत नसायची. खेड्यातले मात्र माझ्या मागे मागे फिरायचे. एक आप्पा तर मी सरळ केलेलं प्रत्येक पाकीट माझ्यादेखत पुन्हा तिरकं करायचे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही रागाच्या भरात विचारलं नाही.

आम्हाला ट्रेनिंगमध्ये एक नियम शिकवला होता. उभ्या गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर जी फळी येते, तीच विकते. म्हणून जो माल जास्त खपतो तो जमिनीपासून साडेचार-पाच फुटांवर लावायचा. कमी खपाचा त्याच्या खाली, आणि जड पोती तळाला. मला हा नियम इतका पटला होता की कुणी त्याच्याविरुद्ध बोललं तर मी हातघाईवर यायचा बाकी असे.

न्हावऱ्याच्या थोडं अलीकडे रस्त्याला लागून एक वस्ती आहे. तिथे एका घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान होतं. चालवणारी बाई पन्नाशीची. लग्न झालेलं नव्हतं, भावाच्या घरी राहायची. भाचरं आत्या म्हणायची म्हणून सगळी वस्ती आत्या म्हणायची, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून मीही म्हणू लागलो.

आत्यांचं दुकान म्हणजे माझ्या डोक्याला ताप होता. मधोमध, काउंटरच्या आड, पाय कापून बुटकी केलेली एक लाकडी खुर्ची. त्या खुर्चीभोवती सगळा माल असा दाटीवाटीने कोंबलेला की कुठलीच ओळ लागू नये. चहाच्या पुड्यांना खेटून अंगाचे साबण. काडेपेट्यांच्या खोक्यात मेणबत्त्या आणि बामच्या डब्या. कांदा-लसूण मसाला एकदम खाली, तेलाच्या पिशव्यांशेजारी. आणि वरच्या फळ्या, म्हणजे नेमक्या सोन्यासारख्या फळ्या, तिथे काय, तर खराटे, पत्रावळी आणि रिकामे डबे. डोक्यावर एक आडवी काठी दोरीने टांगलेली होती. तिच्यावर शाम्पूच्या आणि बडीशेपेच्या पुड्यांच्या माळा. दोरीचं दुसरं टोक खुर्चीजवळच्या खिळ्याला बांधलेलं. दोरी सैल केली की काठी खाली यायची, पुडी तोडली की पुन्हा वर.

"आत्या, चहाला साबणाचा वास लागतो," मी दर खेपेला म्हणायचो.

"बंद पुडीला कशाचा वास लागतूय? सकाळच्या पारी ऊसतोडीच्या बाया येत्यात, त्यांना दोन्ही बरूबर लागतं," त्या बसल्या जागेवरून म्हणायच्या आणि मी वर नेऊन ठेवलेले साबण पुन्हा मागायच्या. "द्या हिकडं."

उठून स्वतः घ्यायला काय होतं, असं मला दर वेळी वाटायचं. त्या कधी उठायच्या नाहीत. मी आलो तरी नाही, गेलो तरी नाही. बसल्या बसल्या हुकूम सोडणारी बाई, असं मी मनात त्यांचं नाव पाडून टाकलं होतं. एजन्सीत नक्कलही करून दाखवायचो, आणि लोक हसायचे. हे लिहिताना आजही कानशिलं तापतात.

त्या वर्षी कंपनीने निवडक दुकानांना लाल रंगाचे नवे लोखंडी रॅक द्यायचं काढलं. साडेपाच फूट उंच, भिंतीला स्क्रूने पक्के करायचे. अट एकच, तीन महिने माल कंपनीच्या नकाशाप्रमाणे लावून ठेवायचा आणि मी दर पंधरा दिवसांनी त्याचा फोटो पाठवायचा. रस्त्यावरचं दुकान म्हणून आत्यांचं नाव यादीत आलं. मी रॅक घेऊन गेलो त्या दिवशी आत्या नव्हत्या. कवठे येमाईला मावसबहिणीच्या घरी लग्न होतं, तीन दिवस तिकडेच राहणार होत्या. दुकानात त्यांचा धाकटा भाऊ बसला होता. त्यांना सगळे आबा म्हणत. एरवी पहाटेपासून रानात असणारा माणूस, दुकानात नाइलाजाने बसलेला, समोर कोण काय मागतंय आणि ते कुठे आहे याचा पत्ता नाही.

रॅक पाहून आबांचा चेहरा खुलला. "लावा की. अक्का ह्या पसाऱ्यात किती वर्सं काढती हाय. आल्यावर बघंल तर दुकान वळखायची न्हाई."

मग आम्ही दोघांनी दिवसभर जीव तोडून काम केलं. आबांनी भिंतीला भोकं पाडली, मी फळ्या पुसल्या. चहा वर, साबण त्याच्यापासून लांब वर, बिस्किटं वर, मसाले नजरेसमोर. खराटे आणि पत्रावळी खाली खुर्चीजवळ, कारण त्यांना कोण विचारतं. टांगलेली काठी फोटोत मध्ये येत होती, ती मी कापून काढायला सांगितली. आबांनी दोरीही गुंडाळून ठेवली. पाय कापलेली खुर्ची काउंटरच्या आड बुडून जायची, मालकाचा चेहराच दिसायचा नाही. म्हणून मी ती उचलून मागच्या पडवीत ठेवली आणि आतून प्लास्टिकचं उंच स्टूल आणून मांडलं. शेवटी रस्त्यावर उभा राहून फोटो काढला. ओळी अशा सरळ की मन भरून आलं. सुपरवायझरने तो फोटो सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, असं काम पाहिजे. मी तोच फोटो मोबाईलच्या स्क्रीनवर लावून टाकला. बायकोलाही दाखवला. ती म्हणाली, त्या बाईला विचारलंस का? मी म्हटलं, तिच्या भावाला विचारलं.

पंधरा दिवसांनी दुसरा फोटो काढायला गेलो तर काउंटरवर आत्या नव्हत्या. आबांची बायको उभी होती. डोक्यावर पदर, हात शेणाचे धुतलेले पण अजून ओले, आणि चेहरा वैतागलेला.

"आत्या कुठे गेल्या?"

"कुठं जात्यात, घरातच हायत." वहिनींनी एक मसाल्याचं पाकीट काढून माझ्यामागच्या गिऱ्हाइकाला दिलं. "दुकान आता माझ्या गळ्यात आलंय. चार म्हशी बघू का हे बघू? ह्यांनी ठरवलंय, वन्संला आता आराम. आन् मला न्हाई झेपलं तर पुढच्या म्हैन्यात गाळा भाड्यानं द्यायचा. न्हावऱ्याचा एकजण मोबाईलचं दुकान टाकतो म्हणतूय."

मी म्हटलं, "पण आत्यांना काय झालं?"

"मला काय सांगत्यात व्हय? लग्नावरनं आल्या, तीन दिवस बसल्या, चौथ्या दिवशी म्हणाल्या, तूच बघ."

मी घराला वळसा घालून मागच्या पडवीत गेलो. आत्या त्याच बुटक्या खुर्चीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या. चांगला आलाय म्हणं फोटू." आणि पाण्यासाठी उठल्या. मी तीन वर्षं त्या दुकानात जात होतो आणि आत्यांना उभं राहताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. डावा पाय मांडीपासून वाळलेला. एक हात गुडघ्यावर दाबून धरल्याशिवाय त्यांना उभं राहता येत नव्हतं. तसं चार पावलं चालून त्यांनी दुसऱ्या हाताने तांब्या उचलला आणि मला दिला. 

"लहानपणी पोलिओ झाला," त्या परत बसत म्हणाल्या, जणू मी विचारलंच होतं. "गावाला ठावं हाय. तुम्हाला ठावं न्हवतं?"

"नाही."

"मंग ठीक." त्यांनी पुन्हा शेंगा हातात घेतल्या. "उभं ऱ्हायलं की एकच हात मोकळा ऱ्हातो. त्या उंच स्टुलावर तर चढायलाच येत न्हाई."

मग त्यांनी त्या तीन दिवसांचं सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या. पहाटे तोडीच्या बायका आल्या. चहा वर, साबण वर. त्यांना ट्रॅक्टरची घाई. एक म्हणाली, आत्या, ऱ्हाऊ द्या, मी घेते. तिने आत येऊन काढलं. मग दुसरीनेही काढलं. बायका चांगल्या होत्या, कुणी हसलं नाही, कुणी उलटं बोललं नाही.

"त्यांनी माल काढून माझ्या हातात दिला आन् मी तो त्यांनाच दिला. तीन दिवस ह्येच. मंग मी मधी कशाला पायजे?"

मला वाईट वाटलं, हे तर झालंच. पण माझा स्वभाव असा की वाईट वाटलं की आधी राग येतो, आणि तो समोरच्या माणसावर निघतो. मी म्हणालो, "मग पहिल्याच दिवशी सांगायचं ना आबांना. रॅक काढायला कितीसा वेळ लागतो? तुम्ही गप्प बसलात म्हणून तर गाळा भाड्याने द्यायची भाषा सुरू झाली. वीस वर्षांचं दुकान असं सोडून देतं का कुणी?"

आत्यांनी हातातली शेंग टोपलीत टाकली. तोवर त्या मला तुम्ही म्हणत होत्या.

"कुणाला सांगू? माझ्या भावानं हौसेनं केलं. दोन दिवस त्यो गावभर सांगत व्हता, अक्काचं दुकान बघून या. त्याला काय सांगू, की तू माझं दुकान मोडलंस? आन् तू. तीन वर्सं येतूयास. दर येळी हलवतूयास माझं सामान. एकदा तरी इचारलंस का, आत्या, तुमचा हात कुठवर पोचतूय?"

 मी तिथेच पायरीवर बसलो. खिशात फोन वाजला, सुपरवायझरचा होता, दुसरा फोटो हवा होता. मी तो बंद केला. आत्या शेंगा फोडत राहिल्या. मग मी म्हणालो, "आता विचारतो. कुठवर पोचतो?"

 टोपलीतल्या शेंगा संपेपर्यंत त्या फोडतच राहिल्या. मग टरफलं झाडली, उठल्या, हात गुडघ्याला दिला आणि म्हणाल्या, "खुर्ची उचल."

मी खुर्ची दुकानात नेली आणि स्टूल बाहेर काढलं. वहिनी एका बाजूला सरकल्या. आत्या खुर्चीवर बसल्या, कंबर टेकली आणि उजवा हात भिंतीकडे लांब केला. मी खिशात पेन शोधू लागलो तर वहिनींनी शिवणकामाचा खडू आणून दिला. आत्यांच्या बोटांच्या टोकाशी मी भिंतीवर खूण केली. मग थोडं वर, पुन्हा खूण. थोडं मागे, पुन्हा खूण. डावा हात, त्याच्याही खुणा. खाली वाकून जमिनीलगत. सगळ्या खुणा जोडल्या तेव्हा भिंतीवर एक गोलाकार रेघ तयार झाली. तिचा सगळ्यात वरचा भाग माझ्या छातीलाही लागत नव्हता. रॅकच्या पाच फळ्यांपैकी अडीच फळ्या रेघेच्या वर होत्या. त्या पसाऱ्यात मला तीन वर्षं जी ओळ सापडली नव्हती ती ही होती. दुकानातली रोज लागणारी एकूण एक वस्तू त्या रेघेच्या आत बसवलेली होती. न लागणारं तेवढं बाहेर. आणि जे रेघेत मावलं नाही ते त्यांनी दोरीला टांगून खाली येईल असं केलं होतं. माझ्या सबंध नोकरीत इतकं नेटकं लावलेलं दुकान मी दुसरं पाहिलं नाही, आणि ते मी स्वतःच्या हाताने मोडलं होतं.

तेवढ्यात आबा रानातून आले. पायात चिखल तसाच. दारात थांबून त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"ह्ये काय?"

"अक्कांचा हात इथवर पोचतो," मी म्हणालो.

आबा पुढे आले. रेघेच्या वरच्या टोकावर त्यांनी स्वतःचा हात ठेवला. तो त्यांच्या पोटाजवळ आला. "एवढंच व्हय?"

"एवढंच," आत्या म्हणाल्या.

"मला वाटायचं..."  आबा तांदळाच्या पोत्यावर टेकले. ज्या घरात दोघं लहानाची मोठी झाली, त्याच घरात हे बोलणं चाललं होतं. बहिणीचा पाय त्यांनी जन्मभर पाहिला होता, पण ती दुकान कशी चालवते ते एकदाही पाहिलं नव्हतं. "मला वाटायचं तुला त्रास हुतूय म्हणून. आन् तू बोलली न्हाईस."

"तुझी हौस दिसत व्हती मला."

"हौस गेली चुलीत," आबा म्हणाले. ते घरात गेले आणि पाना घेऊन आले. मी फळ्यांवरचा माल उतरवायला लागलो. आबा फळ्यांचे नट-बोल्ट सोडू लागले. वरच्या दोन फळ्या निघाल्या, तिसरी रेघेखाली बसवायची ठरली. वहिनींनी तर गोठ्याकडे जायची घाई केली, पण पुन्हा थांबल्या आणि मलाच सांगू लागल्या की चहा कुठल्या बाजूला होता. सुपरवायझरने नंतर जे सुनावलं ते लिहिण्याजोगं नाही. दुसऱ्या महिन्यात माझ्याकडची न्हावऱ्याची बाजूही काढून घेतली. त्या वेळी मात्र मला त्याची तमा नव्हती.

सगळा माल खाली पसरलेला, रॅक अर्धवट सुटलेला, आबा पान्याला लटकलेले, अशात तोडीवरची एक बाई दारात आली. डोक्याला फडकं, हातात कोयता तसाच.

"आत्या, तेलाची पिशवी द्या आन् पाच काडेपेट्या. बिगीनं, ट्रॅक्टर निघालाय."

आम्ही तिघंही एकदम वाकलो. आबांनी पाना टाकला, वहिनींनी पिशवीला हात घातला, मी काडेपेट्यांचं खोकं उचललं.

"हात खाली घ्या समद्यांनी," आत्या म्हणाल्या.

आम्ही हात खाली घेतले. आत्या खुर्चीतून बाजूला कलल्या, पायाशी पडलेल्या ढिगातून तेलाची पिशवी ओढली, दुसऱ्या हाताने काडेपेट्या मोजून घेतल्या आणि काउंटरवर ठेवल्या. वेळ लागला. आम्ही तिघं तसेच उभे.

"किती येळ, आत्या," बाई कुरकुरली. तिने सामान ओच्यात टाकलं आणि मागे वळूनही न बघता ट्रॅक्टरच्या दिशेने पळाली.